राजा केळकर कोण होता?

सकाळी गल्लीत भंगारवाल्याची हाक येते. उल्हासनगर असो, अंबरनाथ असो की बदलापूर, ही हाक सर्वांच्या ओळखीची आहे. रद्दी, फुटकी बादली, गंजलेला डबा यांबरोबर कधी कधी आजीच्या काळातील एखादी पितळी वस्तूही हातगाडीवर जाते. तिचे वजन होते, पैसे मिळतात आणि पुढे ती भट्टीत वितळते. अशा वस्तू वितळू नयेत म्हणून पुण्यातील एका गृहस्थांनी आपले सारे आयुष्य खर्च केले. त्यांचे नाव दिनकर गंगाधर केळकर. लोक त्यांना काका केळकर म्हणत.

काकांचा जन्म १० जानेवारी १८९६ रोजी झाला. घरचा व्यवसाय चष्म्यांचा होता. काका स्वतः मात्र कवी होते. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत. अज्ञातवासी म्हणजे आपली ओळख लपवून राहणारा. उर्दू शायरांचे जसे तखल्लुस असते, तसेच हे टोपणनाव होते. काकांना इतिहासाची फार ओढ होती. १९२० च्या सुमारास ते जुन्या वस्तू जमवू लागले आणि हा छंद त्यांना शेवटपर्यंत सुटला नाही.

जुन्या वस्तू जमवणारे लोक पुष्कळ असतात. कोणी राजांची नाणी जमवतो, कोणी तलवारी. काकांनी शस्त्रेही जमवली, पण त्यांचा जीव रमला तो घरातल्या साध्या वस्तूंत. आपल्या अंबरनाथचे शिवमंदिर पाहा. ते इ. स. १०६० मधले आहे. ते दगडाचे आहे, मोठे आहे, म्हणून टिकले. पण त्या काळातील बाई संध्याकाळी कोणता दिवा लावत होती? तिच्या पेटीत कोणती फणी होती? तिचे मूल कोणत्या खेळण्याने खेळत होते? ते आज कोण सांगणार? अशा वस्तू कोणी जपून ठेवत नाही. मोडल्या की टाकतात. काकांनी नेमक्या याच वस्तू निवडल्या. त्यांना मिळालेल्या बहुतेक वस्तू अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातील आहेत.

त्यांच्या संग्रहातील अडकित्ते पाहण्यासारखे आहेत. अडकित्ता म्हणजे आपल्या घरातील सरौता. सुपारी कातरायला दोन पाती आणि दोन दांड्या पुरेत. पण कारागिराचे तेवढ्यावर समाधान झाले नाही. त्याने कोठे दांड्यांना माणसांचे आकार दिले, कोठे पक्ष्यांचे. वज्रीचेही तसेच. वज्री म्हणजे पाय घासण्याचा झांवा. टाचेचा मळ काढण्याची ही वस्तू, पण तिच्यावरही नक्षी आणि पक्षी आहेत. त्याशिवाय पानदाने, अत्तरदाण्या, गुलाबदाण्या, दौती, कलमदाने, कुलपे, वाद्ये, बाहुल्या, कोरीव दरवाजे... यादी लांबतच जाईल. यांतील कितीतरी नावे तुम्हांला घरीही ऐकू येतात. मराठी दौत आणि उर्दू दवात एकच. या वस्तू करणाऱ्या तांबटांची, सुतारांची नावे बहुधा कोठेच लिहिलेली नाहीत.

दिव्यांचे तर काकांना वेडच होते. समया, लामणदिवे, हातात धरायचे दिवे असे नाना प्रकार त्यांनी गोळा केले. भारतातील दिव्यांवर त्यांनी इंग्रजीत एक पुस्तकही लिहिले.

या वस्तू एका जागी बसून मिळाल्या नाहीत. काका त्यांच्यासाठी गावोगाव हिंडले. जुने वाडे पाहिले, खेड्यांतील घरे पाहिली, प्रांतोप्रांती गेले. काळही घाईचा होता. रॉकेलचे कंदील आले, मग वीज आली आणि तेलाचे दिवे अडगळीत गेले. पुढे स्टीलची भांडी आली आणि पितळ मोडीत निघाले. आमच्या नानीचे पानदान असेच गेले, स्टीलच्या दोन पातेल्यांच्या बदल्यात. तेव्हा घरात सर्वांना आनंदच झाला होता. आज मला त्याच्या झाकणावरची वेल आठवते, पण ती कोणत्या बाजूला वळत होती हे आठवत नाही.

काका श्रीमंत नव्हते. छंदाला पैसा लागतो आणि घरालाही लागतो. पत्नी कमलाबाईंनी त्यांना साथ दिली. या कामी त्यांचे दागिनेही गेले, असे सांगतात. अशा माणसाबरोबर संसार करणे सोपे नव्हते. कमलाबाईंचे नाव काकांच्या नावाइतके घेतले जात नाही. ते घेतले पाहिजे, असे मला वाटते.

काका आणि कमलाबाई यांना एक मुलगा होता. त्याचे नाव राजा. तो वयाच्या सातव्या वर्षी वारला. आईबापांवर दुःखाचा डोंगर कोसळला. एकुलता एक मुलगा गेला, तरी काकांनी संग्रह सोडला नाही. त्यांनी तो आपल्या मुलाच्या नावाने केला.

पुण्यात शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्याजवळ हे संग्रहालय आहे. त्याच्या पाटीवर ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ असे लिहिलेले आहे. नवीन माणसाला वाटते, की केळकर नावाचा कोणी राजा असेल आणि हा त्याचा खजिना असेल. मराठीत आधी स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव लिहितात. म्हणजे राजा हे मुलाचे नाव आणि दिनकर हे वडिलांचे. काकांनी आयुष्यभर जे जमवले, त्याच्या पाटीवर त्यांचे नाव मधे आले, बापाच्या जागी.

सुरुवातीला या वस्तू काकांच्या राहत्या घरीच होत्या. १९६० पर्यंत त्यांची संख्या सुमारे १५,००० झाली होती. १९६२ मध्ये संग्रहालयाची रीतसर स्थापना झाली. बाजीराव पेशव्यांनी मस्तानीसाठी कोथरूडला महाल बांधला होता. तो पडझडीला आला, तेव्हा त्याचे उरलेले भाग आणून येथे एक दालन उभे केले आहे. ‘मस्तानी महाल’ पाहायला लोक आवर्जून जातात.

१९७५ मध्ये काकांनी हा सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. विकला असता तर पुष्कळ पैसे मिळाले असते. देऊन टाकल्यावरही त्यांचे त्यावरचे लक्ष उडाले नाही. १७ एप्रिल १९९० रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

अंबरनाथहून लोकलने कल्याणला यावे, तेथून पुण्याची गाडी मिळते. संग्रहालय पाहायला अर्धा दिवस तरी हाताशी ठेवा. एकूण वस्तू २०,००० हून अधिक आहेत. जागा अपुरी असल्यामुळे त्यांपैकी सुमारे २,५०० वस्तूच मांडलेल्या आहेत. बाकीचे दिवे, अडकित्ते आणि खेळणी आत बंद खोल्यांत आहेत.