ध्येयवेडे स्वामी रामानंद तीर्थ

दर सोमवारी मी अभ्यासाचे वेळापत्रक करायचो आणि गुरुवारी ते मोडायचंच. मग गुरुजींनी मला स्वामीजींचे चरित्र वाचायला दिले.

त्यांचा जन्म १९०३ चा. मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. १९२० साली लोकमान्य टिळक वारले, तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. लग्न न करता देशसेवा करायची, असा त्यांनी निश्चय केला. आधी हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत त्यांनी मुले शिकवली. १९३२ साली संन्यास घेतला. पुढे निजामाच्या राजवटीविरुद्ध लढताना तुरुंगवास भोगला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. निश्चयाला तेव्हा २८ वर्षे झाली होती!

मी वेळापत्रक फाडून टाकलं. आता रोज एकच पाढा, पण चुकवायचा नाही. कालच सतराचा पाठ झाला.