पंडिता रमाबाई : श्रद्धा आणि विवेक

एका धर्माचे नाव धारण करणारे सर्व लोक ईश्वराविषयी एकच श्रद्धा बाळगतात, असा आपला समज असतो. ख्रिस्ती बांधवांविषयी तर तो फारच दृढ आहे. परंतु आपल्याच महाराष्ट्रातील एका विदुषीचे जीवन पाहिले, तर हा समज टिकत नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकवले आणि त्या माउलीने ते लेकीला दिले. दुष्काळात आईवडिलांचे छत्र हरपले. बंधू श्रीनिवास यांच्यासह त्या पायी देशभर फिरल्या. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ गेला आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारीही निवर्तले. कडेवर तान्ही मनोरमा घेऊन त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला आणि १८८३ साली इंग्लंडला गेल्या.

तेथे वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींनी चालविलेली पतित स्त्रियांची सेवा पाहून त्यांचे मन द्रवले आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र खरी कसोटी पुढेच होती. ईश्वर एक आहे, मग पिता, पुत्र व पवित्र आत्मा असे त्रित्व कसे मानावे? चर्चने ठरविलेला प्रत्येक सिद्धांत स्वीकारलाच पाहिजे काय? हे प्रश्न त्यांनी आपल्या गुरुभगिनींना पत्रांतून निर्भयपणे विचारले. परका देश, वैधव्य, मंदावत चाललेली श्रवणशक्ती, आणि निवारा व शिक्षण त्याच मंडळींच्या हाती! तरीही मनाला न पटलेली गोष्ट त्यांनी केवळ उपकारांच्या ओझ्याखाली मान्य केली नाही.

हा प्रश्न एकट्या रमाबाईंचा नव्हता. पुत्र आणि पिता एकतत्त्व आहेत, असे ३२५ साली निकियाच्या धर्मपरिषदेने ठरविले. तरी वाद मिटला नाही. युनिटेरियन पंथाने त्रित्व नाकारले. रमाबाईंच्या कार्यासाठी बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या मंडळात या पंथाचे लोकही होते. त्याच अमेरिकेत १८३० साली जोसेफ स्मिथ यांनी स्थापन केलेला मॉर्मन पंथ पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांना तीन वेगवेगळ्या सत्ता मानतो आणि बायबलसोबत ‘मॉर्मनचा ग्रंथ’ही पवित्र समजतो, म्हणून बहुतेक जुनी चर्चे त्याला आपल्यात धरत नाहीत. हजरत ईसा (अलैहिस्सलाम) यांच्यावर प्रेमाचा दावा सर्वांचाच. मतभेद आहे तो त्यांच्या स्थानाविषयी. कुरआनने सूरह अन-निसामध्ये अहले किताबांना धर्मात अतिरेक करण्यापासून आणि तीनाची भाषा बोलण्यापासून रोखले आहे, ते याच ठिकाणी.

१८८९ साली परत येऊन रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढले. पनवेलहून घाट चढून पुण्यापलीकडे दौंडच्या वाटेला लागलात, की केडगाव येते. दुष्काळात होरपळलेल्या शेकडो मुली-स्त्रियांना त्यांनी तेथील मुक्ती सदनात आश्रय दिला. बायबलचे मराठी भाषांतर पूर्ण करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. १८९१ च्या सुमारास त्यांच्या श्रद्धेला वळण लागले आणि येशूंना तारणहार मानणारी श्रद्धा त्यांनी मनापासून स्वीकारली. त्यांचे आरंभीचे प्रश्न तेवढे सांगायचे, हा उत्तरार्ध लपवायचा आणि त्यांना आपल्या पक्षाचे साक्षीदार बनवायचे, हा अन्याय होईल. तौहीदला अर्धसत्याच्या आधाराची गरज नाही, आणि मतभेद असलेल्यांविषयीही न्यायानेच बोलण्याची आपल्याला आज्ञा आहे.

म्हणून ख्रिस्ती शेजाऱ्याशी बोलताना त्याची श्रद्धा गृहीत धरू नका. आधी त्यालाच विचारा, शांतपणे ऐका आणि मग उत्तम रीतीने आपली बाजू मांडा. आणि स्वतःलाही विचारा, की आपला ईमान केवळ वारशाने आला आहे, की समजून घेतलेला आहे?

अल्लाह आपल्या सर्वांना सत्य ओळखण्याची दृष्टी आणि न्यायाने बोलणारी जीभ प्रदान करो. आमीन.