रोझलिन यालो : इन्शुलिनचा हिशेब मांडणारी विदुषी

मधुमेह म्हणजे शरीरात इन्शुलिन कमी, असा आपल्यापैकी बहुतेकांचा समज असतो. हा समज अर्धाच खरा आहे, हे प्रत्यक्ष मोजून दाखविण्यात रोझलिन यालो यांचा मोठा वाटा आहे. विशेष म्हणजे त्या वैद्यकीय डॉक्टर नव्हत्या.

त्यांचा जन्म १९ जुलै १९२१ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. आईवडिलांचे हायस्कूलचेही शिक्षण झाले नव्हते. मुलीने शाळेत शिक्षिका व्हावे, एवढीच घरची अपेक्षा. पण हंटर कॉलेजात त्यांना पदार्थविज्ञानाची गोडी लागली. स्त्रीला संशोधनाची संधी मिळणे कठीण, म्हणून त्यांनी सेक्रेटरीची नोकरी धरली व लघुलेखन शिकायला घेतले. तोच १९४१ मध्ये इलिनॉय विद्यापीठाचे बोलावणे आले. तेथील अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या चारशे जणांच्या अध्यापकवर्गात त्या एकट्याच स्त्री होत्या. १९४५ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली.

पुढे ब्रॉन्क्समधील माजी सैनिकांच्या रुग्णालयात १९५० पासून डॉ. सॉलोमन बर्सन यांच्यासह त्यांनी संशोधन केले. किरणोत्सर्गी आयोडीनची खूण केलेले इन्शुलिन आणि रोग्याचे इन्शुलिन ही दोन्ही एकाच प्रतिपिंडाला चिकटण्यासाठी स्पर्धा करतात. खूण केलेले इन्शुलिन जितके बाजूला सारले जाईल, तितके रोग्याचे अधिक. या युक्तीने रक्तातील अत्यल्प इन्शुलिनही मोजता येऊ लागले.

१९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीने जाणकारही चकित झाले. प्रौढपणी मधुमेह जडलेल्या अनेकांच्या रक्तात इन्शुलिन कमी नव्हते, उलट जास्तच होते! आम्हा वाणिज्य शाखेच्या भाषेत सांगायचे तर गोदामात माल भरपूर, पण गिऱ्हाईक दार उघडत नाही. पेशी दाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड आणखी इन्शुलिन सोडते आणि वर्षानुवर्षे राबून अखेर थकते. वाढलेल्या इन्शुलिनचा स्थूलपणा, रक्तदाब, यकृतातील चरबी व हृदयविकार यांच्याशी संबंध आढळतो, हे आज आपण जाणतो. साखर वाढण्यापूर्वी कित्येक वर्षे हा बिघाड सुरू झालेला असू शकतो.

या पद्धतीचे पेटंट घेऊन दोघांना अमाप पैसा मिळविता आला असता. त्यांनी ते घेतले नाही. १९७२ मध्ये बर्सन वारले. यालो यांनी प्रयोगशाळेला त्यांचे नाव दिले. १९७७ चे नोबेल पारितोषिक यालो यांना मिळाले. ३० मे २०११ रोजी त्यांचे निधन झाले.

मित्रहो, जमाखर्च न पाहता तूट आहे असे ठरविणे व्यापारात चालत नाही. शरीराच्या बाबतीतही ते चालत नाही, हे या विदुषीने जगाला दाखवून दिले.