वाळकेश्वर पुन्हा बांधणारे रामा कामत

मुंबईची मंडळी वाळकेश्वरला, बाणगंगेवर कधी ना कधी गेलेली असतात. मीही गेलोय. पण ते देऊळ दुसऱ्यांदा उभं राहिलेलं आहे हे मला इथे परदेशात आल्यावर, वाचनात कळलं!

शिलाहारांच्या काळातलं मूळ देऊळ पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात पाडलं. १५३४ मध्ये मुंबई बेटं त्यांच्या ताब्यात गेली होती. पुढे बेटं इंग्रजांकडे आली, १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकडे, तरी देऊळ पडलेलंच. ते १७१५ मध्ये पुन्हा बांधलं रामा कामत यांनी. इंग्रजी दप्तरात त्यांचं नाव रामा कामाटी असं येतं.

हे शेणवी व्यापारी, गडगंज श्रीमंत. कंपनीसाठी शिपाई उभे करणं, त्यांचं नेतृत्व करणं हीही कामं त्यांच्याकडे. साहेबाशी संबंध इतके चांगले की १७१८ च्या नाताळात फोर्टातलं सेंट थॉमस चर्च सुरू झालं तेव्हा हे आपल्या ज्ञातीच्या लोकांना घेऊन हजर. देऊळ बांधणारा माणूस चर्चच्या उद्घाटनाला! मला यात विसंगती वाटत नाही. धंदा करणाऱ्याला सगळ्यांशी जमवून घ्यावंच लागतं.

पण त्याच सुमारास गव्हर्नर चार्ल्स बून कान्होजी आंग्र्यांवर मोहिमा काढत होता आणि आपटत होता. १७१८ मध्ये खांदेरीवरचा हल्लाही फसला. अपयश आलं की कोणीतरी फितूर शोधावा लागतो, हे आपल्या ऑफिसातही चालतं म्हणा. १७२० मध्ये रामा कामतांवर खटला भरला. आरोप: कंपनीचे बेत पत्रातून आंग्र्यांना कळवले. पुरावा म्हणजे पत्रं, आणि त्यांच्या कारकुनाची साक्ष, जी अंगठे स्क्रूमध्ये पिळून काढलेली. ती पत्रं बनावट होती. पत्रावरची सही-शिक्का खरा कशावरून, हा आमच्या क्षेत्रातला रोजचा प्रश्न. तिथे तो कोणी नीट विचारलाच नाही.

मालमत्ता जप्त, जन्मठेप. आठ वर्षं कैदेत काढून १७२८ मध्ये ते तुरुंगातच वारले. जप्त झालेल्या त्यांच्या घरात पुढे काही काळ कंपनीचं न्यायालय भरत असे.