वाल्डेमार हाफकिन: प्लेगची पहिली लस स्वतःला टोचून घेणारे शास्त्रज्ञ आणि ५३-एन नंबरची बाटली



मी चिखलीत राहतो आणि चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. आमच्याकडे एखादा पार्ट खराब निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: बॅच नंबर काय? मग तो कुठल्या मशीनवर बनला, कुठल्या शिफ्टला बनला, पॅकिंग कुणी केलं, हे मागे मागे जात शोधायचं. गेल्या वर्षी एका लॉटला गंज सापडला. सगळ्यांनी आमच्या लाइनकडे बोट दाखवलं. एका पोराला आठवडाभर घरी बसवलं. नंतर कळलं, माल वाटेत ट्रकमध्ये भिजला होता.

त्याच दिवसांत मी हाफकिन यांच्याबद्दल वाचत होतो. परळच्या हाफकिन संस्थेचं नाव तुम्ही पोलिओच्या डोसमुळे ऐकलं असेल. ते नाव ज्यांचं, त्यांच्यासोबत हेच झालं होतं. फक्त आठवड्याच्या जागी पाच वर्षं गेली. चला, त्यांची गोष्ट पाहूया.

हाफकिन कोण होते?

जन्म १५ मार्च १८६०, ओडेसा. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होतं, आज युक्रेनमध्ये आहे. घराणं ज्यू. कॉलेजात असताना ज्यू वस्त्यांवर दंगलखोर चालून आले, तेव्हा हा पोरगा वस्ती वाचवणाऱ्यांमध्ये उभा राहिला आणि तुरुंगात गेला. पुढे प्राध्यापक व्हायचं तर धर्म बदलावा लागणार होता. त्यांनी नकार दिला.

१८८९ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पोहोचले. तिथे जागा मिळाली ती ग्रंथालयात! पुस्तकं सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसायचं.

तो काळ भारी होता. लेवेनहुक यांनी १६७० च्या दशकात स्वतः घासलेल्या भिंगातून सूक्ष्मजीव पाहिले होते, पण यातलेच काही आपल्याला आजारी पाडतात हे सिद्ध व्हायला जवळपास दोनशे वर्षं लागली. ते काम पाश्चर आणि कॉख यांच्या पिढीने केलं. कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू शोधला, पुढे कॉलऱ्याचाही दाखवला. पाश्चर यांनी १८८५ मध्ये रेबीजची लस माणसाला दिली. आता प्रत्येक रोगाचा जंतू शोधायचा आणि त्याच जंतूपासून लस करायची, अशी जणू शर्यतच लागली होती.

हाफकिन यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी पहिल्यांदा स्वतःला टोचली. १८९३ मध्ये ते भारतात आले. कोलकात्याच्या वस्त्यांमध्ये त्यांनी एक साधी पण महत्त्वाची गोष्ट केली. एकाच वस्तीत, एकच पाणी पिणाऱ्यांपैकी कुणी लस घेतली आणि कुणी नाही, याची नोंद ठेवली. साथ आली की दोन्ही बाजूंचे आजारी मोजायचे. आज कुठल्याही औषधाची चाचणी याच तत्त्वावर होते.

मुंबईत प्लेग आला

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. लोक मुंबई सोडून पळू लागले. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगला सापडला होता. लस नव्हती.

ऑक्टोबरमध्ये हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक खोली आणि व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्यावर तीन महिन्यांत लस तयार झाली.

लस कशी बनवली?

हा भाग मला सगळ्यात आवडतो. जंतू वाढवायला मांसाचा पातळ रस लागायचा. त्यावर त्यांनी चक्क तुपाचे थेंब तरंगवले! प्लेगचे जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढायचे. भांडं हलवलं की त्या लोंब्या तळाला जायच्या आणि वर नव्या धरायच्या. असं काही आठवडे चाललं की उष्णता देऊन जंतू मारायचे आणि थोडं कार्बोलिक ॲसिड घालायचं. जंतू मेलेला, पण शरीराला ओळख पटते आणि ते लढायला तयार होतं.

१० जानेवारी १८९७ ला त्यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. ताप आला, दुखलं, पण ते बरे झाले. त्याच महिन्याच्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. साधारण निम्म्या कैद्यांनी आपणहून लस घेतली. न घेतलेल्यांपैकी १२ जण आजारी पडले, ६ दगावले. घेतलेल्यांमध्ये टोचण्याच्या दिवशीच ज्यांना लागण झालेली होती ते तिघे वाचले नाहीत. त्यानंतर फक्त दोघे आजारी पडले आणि दोघेही बरे झाले.

याच वर्षी आपल्या पुण्यात काय चाललं होतं? १० मार्चला प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. सोजिरांकडून घराघरात झडत्या सुरू होत्या. त्या रागातून २२ जूनला चिंचवडच्या चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. सरकारच्या प्लेगच्या कामावर लोकांचा विश्वास उडाला होता. त्यात सुई टोचायला आलेल्या परक्या डॉक्टरवर कुणी का विश्वास ठेवावा? तरीही हजारो लोक पुढे आले. आगाखानांनी स्वतः लस घेतली आणि प्रयोगशाळेला जागा दिली. १८९९ मध्ये ती परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली.

५३-एन नंबरची बाटली

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबमधलं मलकोवाल गाव. त्या दिवशी १०७ जणांना लस दिली. त्यातल्या १९ जणांना साधारण आठवड्याने धनुर्वात झाला आणि सगळे गेले. त्या १९ जणांची लस एकाच बाटलीतली होती, नंबर ५३-एन. बाकी बाटल्यांमधून टोचलेल्यांना काहीच झालं नाही.

चौकशी बसली. हाफकिन यांनी लस जास्त प्रमाणात बनवता यावी म्हणून कार्बोलिक ॲसिड वगळून फक्त उष्णतेवर भर दिला होता. बस्स, दोष परळच्या प्रयोगशाळेचा ठरला. हाफकिन यांना पदावरून दूर केलं गेलं.

आता क्वालिटीवाल्याच्या डोक्याने बघा. धनुर्वाताचा जंतू मातीत असतो. गावात बाटलीचं बूच काढताना मदतनीसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. जंतू परळलाच शिरला असता तर तो बाटलीत अनेक दिवस वाढला असता आणि तिला घाण वास आला असता. उघडताना वास आला नव्हता. शिवाय विष आधीच तयार असतं, तर लोक आठवड्याने नाही, फार लवकर आजारी पडले असते.

म्हणजे पुरावा हाताशी होता. तरी पाच वर्षं गेली. मलेरियावर नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस त्यांच्या बाजूने उभे राहिले. १९०७ मध्ये दहा शास्त्रज्ञांच्या सहीचं पत्र लंडनच्या टाइम्समध्ये छापून आलं आणि हाफकिन निर्दोष ठरले. ते भारतात परतले, पण परळला नाही, कोलकात्याला. माणसांवर लशीचं नवं काम त्यांना करू दिलं नाही. काही वर्षांनी ते निवृत्त होऊन युरोपला गेले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळालं. २६ ऑक्टोबर १९३० ला स्वित्झर्लंडमध्ये लोझानला ते वारले.

मग आपण काय घ्यायचं?

मलकोवालचे १९ जीव खरे होते, ते विसरायचे नाहीत. पण चूक कुठल्या टप्प्यावर झाली हे न शोधता माणूस बदलला, तर तोच चिमटा उद्या दुसऱ्या गावात पडतो.

लशीबद्दल एखादा घाबरवणारा मेसेज आला तर फॉरवर्ड करण्याआधी दोन प्रश्न विचारा. लस घेतलेले किती आजारी पडले आणि न घेतलेले किती? आणि बिघाड नेमका कुठे झाला: बनवताना, नेताना की टोचताना? पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात तर बाटलीवरचा बॅच नंबरही बघा. तो तिथे का छापलेला असतो, हे आता तुम्हाला माहीत आहे.

आमच्या लाइनवरचा तो पोरगा परत कामावर आलाय. कागदावर त्याच्या नावापुढची नोंद मात्र काढायला मला अजून दोन महिने लागले.