अनुभवाला मोजमाप लावणारे कुवलयानंद

जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे पुढचे स्वामी कुवलयानंद (१८८३-१९६६), योग पुस्तकांतून शिकले नाहीत. नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासजींपाशी त्यांनी साधना केली. अनुभव पक्का होता. पण स्वतःला जाणवले एवढ्याने ते शास्त्र कसे ठरणार, हा प्रश्न त्यांना सोडत नव्हता. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापून त्यांनी प्रयोग मांडले. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब मोजला, तर तो बाहेरच्या हवेपेक्षा कमी भरला! प्राणायामाने शरीराला जादा ऑक्सिजन मिळतो, ही योगप्रेमींची लाडकी समजूत मात्र मोजणीत टिकली नाही. तेही त्यांनी 'योगमीमांसा'त छापले. प्राणायाम शिकवणे मात्र चालूच राहिले. त्याचे मोल ऑक्सिजनमध्ये नाही, असे त्यांचे मत होते.