चारही बाजू 25, मग क्षेत्रफळ किती? भास्कराचार्यांनी 1150 मध्येच दाखवली होती चौकोनाची मेख

प्लॉटच्या चारही बाजू 25 मीटर आहेत. क्षेत्रफळ किती? बहुतेक जण लगेच 625 चौरस मीटर म्हणतील. पण ते 600 असू शकतं, अगदी 336 सुद्धा! ही मेख विद्यार्थ्यांना शिकवणारं पुस्तक जवळपास पावणेनऊशे वर्षांपूर्वी लिहिलं गेलं. त्याचं नाव ‘लीलावती’ आणि लेखक भास्कराचार्य.

कोण होते भास्कराचार्य?

त्यांचा जन्म शके 1036, म्हणजे इ.स. 1114 चा. आपलं गाव सह्याद्रीच्या परिसरातलं, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या 36व्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ पूर्ण केला. अंकगणित आणि भूमिती शिकवणारी ‘लीलावती’ हा त्याचाच भाग मानला जातो. लीलावती नावाच्या मुलीची प्रसिद्ध कथा मात्र फैजीने 1587 मध्ये केलेल्या फारसी भाषांतरात येते.

वाद काय होता?

ब्रह्मगुप्तांनी 628 मध्ये फक्त चार बाजूंवरून क्षेत्रफळ काढण्याचं सूत्र दिलं होतं. अर्धपरिमितीतून एकेक बाजू वजा करायची, चारही उत्तरांचा गुणाकार करायचा आणि त्याचं वर्गमूळ घ्यायचं. बाजू 25 असतील, तर उत्तर कायम 625.

भास्कराचार्यांनी इथेच बोट ठेवलं. त्याच चार बाजूंचे कितीतरी चौकोन होतात. समोरासमोरचे दोन कोपरे आत दाबले, की त्यांच्यामधला कर्ण लहान होतो आणि दुसरा लांबतो. बाजू त्याच राहतात, क्षेत्रफळ बदलतं. त्यामुळे कर्ण किंवा लंब न सांगता क्षेत्रफळ विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्यालाही त्यांनी थेट पिशाच्च ठरवलं!

ब्रह्मगुप्तांचं सूत्र चुकीचं नाही. ज्याचे चारही कोपरे एकाच वर्तुळावर येतात, अशा चक्रीय चौकोनाला ते अचूक लागू पडतं. ही अट मात्र भास्कराचार्यांनीही सांगितली नाही.

‘लीलावती’तलं उदाहरण

चारही बाजू 25 असलेले तीन चौकोन पाहा :

• कर्ण 30 आणि 40 : क्षेत्रफळ 600
• कर्ण 14 आणि 48 : क्षेत्रफळ 336
• दोन्ही कर्ण समान : क्षेत्रफळ 625

तिन्ही समभुज चौकोन आहेत, पण चौरस फक्त तिसरा. म्हणजे प्रत्येक चौरस समभुज चौकोन असतो, पण प्रत्येक समभुज चौकोन चौरस नसतो. आजही शाळेत मुलं अडतात ती इथेच.

पुढे काय झालं?

वयाच्या 69व्या वर्षी, 1183 मध्ये, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिला. नातू चांगदेव हे यादव राजा सिंघण यांच्या दरबारी ज्योतिषी होते. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांनी चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ उभारला. त्या मठाला 1207 मध्ये मिळालेल्या दानाचा शिलालेख 19व्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला.

थोडक्यात काय?

मुलाला चौकोनांची नावं पाठ करायला लावण्याआधी चार सारख्या काड्यांची टोकं सैलसर बांधून द्या आणि चौकट दाबायला सांगा. आणि प्लॉट घेताना बाजूंसोबत एक कर्णही मोजा. 625 आणि 336 यांत तब्बल 289 चौरस मीटरचा फरक आहे.